जंगल जागेवर, चिचुंद्री गायब : ख्रिसमस बेटावर नेमकं काय झालं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेची, म्हणजे आययूसीएनची मोठी परिषद भरली होती. तिथे या संघटनेच्या 'लाल यादी'ची नवी आवृत्ती जाहीर झाली. कोणती प्रजाती किती धोक्यात आहे, याची जगभर मानली जाणारी ही नोंदवही. या वेळी 'नामशेष' या रकान्यात काही नवी नावं गेली. एका पक्ष्याचं नाव, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू, बातम्यांमध्ये झळकलं. त्याच यादीत पाच-सहा ग्रॅम वजनाचा एक प्राणीही होता : ख्रिसमस आयलंड श्रू. ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली ही एकमेव चिचुंद्री. १७८८ मध्ये युरोपीय वसाहत सुरू झाल्यापासून ऑस्ट्रेलियाने गमावलेल्या सस्तन प्राण्यांत हिचा क्रमांक ३९वा.

बातमी वाचून साहजिकच प्रश्न पडतात. ही शेवटची दिसली १९८५ मध्ये. मग नामशेष म्हणायला चाळीस वर्षं का लागली? ती राहत होती त्या बेटाचा निम्म्याहून जास्त भाग राष्ट्रीय उद्यान आहे, घनदाट जंगल आहे. मग ती गेली कशाने? आणि एक चिचुंद्री गेली, तर त्याचं एवढं काय?

आधी ओळख : ही उंदीर नाही

घरात भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत पळणारी, लांबुडक्या नाकाची आणि उग्र वासाची चिचुंद्री आपल्याला माहीत असते. दिसली की 'उंदीर उंदीर' म्हणत झाडू घेऊन धावायची पद्धतही माहीत असते. पण उंदीर हा कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तो धान्यापासून कपड्यांपर्यंत सगळ्याला तोंड लावतो. चिचुंद्री कीटकभक्षी. तिचं नातं उंदरापेक्षा साळूसारख्या दिसणाऱ्या काटेरी हेजहॉगशी आणि जमिनीत बिळं करणाऱ्या मोलशी जवळचं. झुरळं, किडे, गांडुळं हे तिचं खाणं.

जगात चिचुंद्र्यांच्या चारशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यातली बहुतेक रानात राहतात आणि माणसाच्या नजरेला कधी पडत नाहीत. घरातल्या चिचुंद्रीवरून साऱ्या कुळाची पारख केली, की 'ही कशाला नामशेष होतेय' असं वाटतं. तिला माणसाशेजारी राहणं जमलं आहे. रानातल्या बहुतेक बहिणींना ते जमत नाही.

हातावर पोट असलेला प्राणी

चिचुंद्री समजून घ्यायची तर तिच्या भुकेपासून सुरुवात करायला हवी. शरीर जितकं लहान, तितकी त्यातली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. ती भरून काढायला शरीरातलं इंधन सतत जळत ठेवावं लागतं. याला चयापचय म्हणतात, आणि चिचुंद्रीत तो फार वेगवान असतो. जगातल्या सर्वांत हलक्या सस्तनांपैकी एक असलेली इट्रस्कन श्रू जेमतेम दोन ग्रॅमची. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दीड हजारापर्यंत जातात.

हातावर पोट असलेल्या मजुरासारखी तिची गत असते. शिल्लक काही नाही, आज काम मिळालं नाही तर आज उपास. हत्ती किंवा अस्वल चार दिवस कमी खाऊन चरबीवर निभावून नेतात. चिचुंद्रीला काही तासांचा खाडाही परवडत नाही. काही प्रजाती अन्नाची चणचण असताना शरीर थंड पाडून तात्पुरत्या सुस्त होतात, पण ती सोयसुद्धा थोड्या वेळापुरती.

या भुकेचा अनुभव घ्यायचा असेल तर तिला पकडायला जावं. कॅलिफोर्नियाच्या पूर्व सिएरा पर्वतात माउंट लायल श्रू नावाची चिचुंद्री आहे. तिचा शोध लागून शंभर वर्षं झाली तरी जिवंत प्राण्याचा एकही फोटो नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही तरुण विद्यार्थ्यांनी तो मिळवला. त्यासाठी त्यांना रात्रंदिवस दर दोन तासांनी सापळे तपासत फिरावं लागलं, कारण त्याहून उशीर झाला तर सापळ्यातली चिचुंद्री भुकेने मरते. वाघाच्या फोटोसाठी झाडाला कॅमेरा बांधून महिनाभराने परत येता येतं. इथे तसं चालत नाही.

आता यावरून अधिवास, म्हणजे प्राण्याची राहण्या-खाण्याची जागा, कसा ठरतो ते पाहा. चिचुंद्रीचं जंगल घोट्याच्या उंचीला संपतं. वरती झाड कोणतं आहे याच्याशी तिला थेट देणंघेणं नाही. तिला हवा ओलसर पालापाचोळा, त्यात भरपूर किडे, आणि लपायला मुळांमधल्या किंवा खडकांमधल्या फटी. ख्रिसमस बेटावरची चिचुंद्री अशाच फटींत राही, आणि छोटे भुंगेरे हे तिचं मुख्य खाणं होतं. पाचोळा वाळला, किडे घटले किंवा त्या पाचोळ्यात दुसरा कोणी वाटेकरी घुसला, की वर हिरवीगार छत्री असूनही खाली तिची उपासमार सुरू होते.

बेटावर १९०० च्या आसपास काय घडलं

ख्रिसमस बेट जावापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे. १६४३ च्या नाताळाच्या दिवशी एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाला ते दिसलं, म्हणून हे नाव. क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस किलोमीटर. १८८८ मध्ये ब्रिटनने ताबा घेईपर्यंत तिथे माणसांची वस्तीच नव्हती. ताबा घेण्याचं कारण होतं खतासाठी लागणारं फॉस्फेट.

बेटावर मूळचे सस्तन प्राणी पाचच : दोन जातींचे मोठे उंदीर, एक इवलंसं वटवाघूळ, एक फळं खाणारं मोठं वटवाघूळ आणि ही चिचुंद्री. १८९७-९८ मध्ये चार्ल्स अँड्र्यूज हे ब्रिटिश अभ्यासक तिथे बरेच महिने राहिले. चिचुंद्री साऱ्या बेटावर मुबलक आहे आणि रात्री तिचा वटवाघळासारखा बारीक, तीक्ष्ण आवाज चहूकडून येतो, असं त्यांनी नोंदवलं. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये ते परत गेले तेव्हा दोन्ही उंदीर संपले होते आणि चिचुंद्रीचाही मागमूस नव्हता.

मधल्या काळात, साधारण १८९९ मध्ये, जहाजातून आलेल्या चाऱ्याच्या गठ्ठ्यांबरोबर काळे उंदीर बेटावर उतरले. एकटे नाही. त्यांच्या अंगावर पिसवा होत्या आणि रक्तात ट्रायपॅनोसोम नावाचा एकपेशी परजीवी. काळ्या उंदरांना त्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय, त्यांचं फारसं काही बिघडत नसे. बेटावरच्या उंदरांनी हा आजार कधी पाहिलाच नव्हता. ते दिवसाढवळ्या वाटांवर झोकांड्या खात मरू लागले. १९०४ पर्यंत दोन्ही जाती संपल्या. ही नुसती अटकळ राहिलेली नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संग्रहालयांत जपलेल्या जुन्या कातड्यांमधला डीएनए तपासला गेला. काळे उंदीर येण्याआधीच्या नमुन्यांत परजीवीचा पत्ता नव्हता, नंतरच्या काही नमुन्यांत तो सापडला.

चिचुंद्रीही त्याच आजाराने गेली का? अभ्यासकांना तसा दाट संशय आहे, कारण वेळ तंतोतंत जुळते. पण उंदरांच्या बाबतीत जसा पुरावा हाती आहे, तसा चिचुंद्रीच्या बाबतीत नाही, हे सांगायलाच हवं.

'पण जंगल तर शाबूत होतं ना?'

बऱ्यापैकी शाबूत होतं. खाणकामात बेटाचं साधारण पाव जंगल गेलं. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे ते वाढवलं गेलं, आणि आज जवळपास ६३ टक्के बेट त्यात येतं. हेच तर या गोष्टीतलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की डोळ्यांपुढे कुंपण, फलक आणि वनरक्षक येतो. कुऱ्हाड आणि बंदूक यांच्याविरुद्ध ते चालतं. पिसवेला कुंपण कळत नाही.

शिवाय काळे उंदीर ही फक्त पहिली पाहुणी मंडळी. माणसांबरोबर मांजरं आली आणि रानटी झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कधीतरी 'यलो क्रेझी अँट' नावाची मुंगी आली. काही दशकं ती गप्प होती, मग १९९० च्या दशकात तिची अवाढव्य वारुळं-वसाहती झाल्या आणि तिने बेटाची ओळख असलेले लाल खेकडे लाखोंनी मारले. हे खेकडे पाचोळा खातात, रोपं कुरतडतात. ते गेले तिथे जंगलाची जमीनच बदलली. १९८० च्या दशकात आशियातला वूल्फ स्नेक आला, त्याने सरडे-पालींचा फडशा पाडला. म्हणजे १९०० च्या धक्क्यातून काही चिचुंद्र्या वाचल्या असतील, तर त्यांच्यासाठी पाचोळ्यातली जागा दर काही वर्षांनी आणखी बिकट होत गेली.

बेटावरच्या प्राण्यांना हे इतकं महाग का पडतं? मुख्य भूमीवर एखाद्या खोऱ्यात साथ आली, तर शेजारच्या खोऱ्यातून पुन्हा प्राणी येतात. बेटाला शेजारचं खोरं नसतं.

चाळीस वर्षं कशाला थांबले?

कारण एकदा तोंडघशी पडायची वेळ आली होती. १९०८ नंतर चिचुंद्री गेली, असंच सगळे धरून चालले होते. १९५८ मध्ये खाणीसाठी बुलडोझरने जंगल साफ करताना दोन दिसल्या. पुढे पुन्हा पाव शतक काहीच नाही. मग डिसेंबर १९८४ मध्ये नेच्याच्या झुबक्यात एक जिवंत मादी सापडली, आणि मार्च १९८५ मध्ये एक नर. त्यानंतर आजवर एकही नाही.

जो प्राणी पन्नास वर्षं गायब राहून परत येतो, त्याच्याबद्दल दुसऱ्यांदा घाई कोण करील? 'आहे' हे सिद्ध करायला एक प्राणी पुरतो. 'नाही' हे सिद्ध करायला सगळीकडे शोधावं लागतं. लाल यादीचा नियमही कडक आहे : शेवटचा प्राणी मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि योग्य जागी, योग्य वेळी, पुरेसे शोध झालेले असावेत. उगाच लवकर 'नामशेष' म्हटलं तर त्या प्राण्यासाठीचा पैसा आणि लक्ष दोन्ही आटतं, आणि कुठे चार-सहा शिल्लक असतील तर त्यांचं नशीब तिथेच फुटतं.

चिचुंद्रीचा शोध घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. तिच्या ठशांवर काही ठरत नाही. कॅमेऱ्यासमोरून इतकासा जीव गेला तर कॅमेऱ्याला कळेलच असं नाही. त्यामुळे सर्वांत भरवशाची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे : जमिनीत बादली पुरायची, काठ जमिनीशी समपातळीत ठेवायचा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची बुटकी आडभिंत उभी करायची. चिचुंद्री कशाच्या तरी कडेकडेने पळते, भिंतीला धरून येते आणि बादलीत पडते. याशिवाय घुबडांच्या ओकाऱ्यांतल्या कवट्या, रानमांजरांच्या पोटातले अवशेष, असंही बरंच काही चाळता येतं. ख्रिसमस बेटावर तर बादल्यांमध्येही अडचण, कारण त्या खेकड्यांनी भरून जातात.

सापडल्या होत्या तेव्हाच पिंजऱ्यात का वाढवल्या नाहीत?

प्रयत्न झाला. १९८४ ची मादी काचेच्या पेटीत ठेवली होती. तिला नाकतोडे खाऊ घालत, आणि ती सुमारे वर्षभर जगली. म्हणजे पाळणं अशक्य नव्हतं. मार्चमध्ये नर सापडला तेव्हा जोडी जमेल अशी आशा निर्माण झाली. पण तो आजारीच होता, काही आठवड्यांत मेला. दुसरा नर मिळाला नाही.

इथे त्याच बेटावरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं मला वाटतं. बेटावरचं इवलंसं वटवाघूळ, ख्रिसमस आयलंड पिपिस्ट्रेल, झपाट्याने कमी होतंय हे अनेक वर्षं मोजून कळत होतं. पकडून पाळण्याची सूचना झाली, समित्या बसल्या, आणि परवानगी मिळाली २००९ मध्ये. पथक बेटावर पोचलं तेव्हा एकच वटवाघूळ उरलं होतं. २६ ऑगस्ट २००९ च्या रात्री त्याचा आवाज यंत्रावर शेवटचा नोंदवला गेला. २०१७ मध्ये तीही प्रजाती नामशेष जाहीर झाली.

आणि त्याच सुमारास, निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टर्स गेको ही पाल रानातून संपत आली होती. पण वनखात्याने ती वेळेवर पकडली, बेटावर आणि सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढवली. रानातून दोन्ही गेली, पण आज त्यांची संख्या शेकड्यांनी-हजारांनी आहे, आणि २०१९ मध्ये कोकोस बेटांपैकी एका छोट्या, साप नसलेल्या बेटावर सापसुरळ्या सोडल्याही गेल्या. सरडे वाचले आणि वटवाघूळ गेलं, यात शास्त्राच्या ज्ञानाचा फरक फारसा नव्हता. फरक फाइल किती लवकर हलली, याचा होता.

उंदीर मारून टाकता येत नाहीत का?

येतात, कधीकधी. अंटार्क्टिकाजवळचं साउथ जॉर्जिया बेट हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून उंदीरमुक्त केलं गेलं, २०१८ मध्ये तसं जाहीरही झालं. पण तिथे कायमची वस्ती नाही आणि जमिनीवर आमिष खाणारे खेकडेही नाहीत. ख्रिसमस बेटावर दोन्ही आहेत. त्यामुळे तिथे मांजरांची संख्या संपवण्याचं काम आधी हाती घेतलं गेलं. मुंग्यांसाठी तर वेगळीच शक्कल लढवली : ज्या खवले-किडीच्या गोड स्रावावर मुंग्या पोसतात, त्या किडीत अंडी घालणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी मलेशियातून आणून डिसेंबर २०१६ मध्ये सोडली.

आता एक गंमत. आपली घरातली चिचुंद्रीसुद्धा जहाजांतून फिरली आहे. मॉरिशस, ग्वाम अशा बेटांवर ती बाहेरून गेली आणि तिथल्या किड्या-सरड्यांना त्रासदायक ठरली. मॉरिशसजवळच्या एका छोट्या बेटावरून तिला हुसकावण्याचा प्रयत्न फसला. एकीकडे हिचं कुळ बेटांवरून संपतंय, दुसरीकडे हीच बेटांवरची घुसखोर. चांगला प्राणी आणि वाईट प्राणी अशी वाटणी इथे उपयोगाची नाही, कोण कुठे पोचला एवढंच महत्त्वाचं.

'गेली तर गेली, काय बिघडलं?'

प्रामाणिक उत्तर : तुमच्या-माझ्या रोजच्या जगण्यात काहीही बिघडलं नाही. पाच ग्रॅमच्या प्राण्यामुळे बेट कोसळलं, असं सांगणारा लेख मी लिहिणार नाही. चिचुंद्री पाचोळ्यातल्या किड्यांवर जरब ठेवते हे खरं, पण तिच्या जाण्याने बेटावर नेमकं काय बदललं हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे, कारण तिच्याबरोबर इतकं काही बदललं. पाच मूळ सस्तनांपैकी आज तिथे एकच उरलं आहे, ते मोठं फळखाऊ वटवाघूळ. ती यादी एकामागून एक रिकामी होत गेली आणि बहुतेक वेळा कारण जहाजातून उतरलेलं असावं. चिचुंद्री त्या रांगेत होती आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलं, एवढंच.

आपल्या बेटांवरच्या चिचुंद्र्या

हा विषय ऑस्ट्रेलियाचा म्हणून सोडून देता येत नाही. ख्रिसमस बेटावरची चिचुंद्री ज्या क्रोसिड्युरा गटातली, त्याच गटातल्या अनेक चिचुंद्र्या अंदमान-निकोबारमध्ये आहेत आणि त्या तिथल्याच आहेत, जगात दुसरीकडे कुठे नाहीत. अशांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. अंदमान श्रू, काटेरी केसांची अंदमान स्पायनी श्रू, जेन्किन्स श्रू, ग्रेट निकोबारची निकोबार श्रू. यांतल्या काहींची ओळख मोजक्या नमुन्यांपलीकडे गेलेली नाही. २०२१ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या शास्त्रज्ञांनी नारकोंडम बेटावरून आणखी एक नवी प्रजाती जाहीर केली, तीही दोनच नमुन्यांवरून. चार दशकांहून अधिक काळाने भारतात चिचुंद्रीची नवी प्रजाती सापडली होती. नारकोंडम हा सुमारे सात चौरस किलोमीटरचा ज्वालामुखीचा डोंगर. पक्षीप्रेमींना तो तिथल्या धनेशामुळे माहीत आहे. पोलीस चौकीबरोबर तिथे एके काळी शेळ्या गेल्या होत्या, त्यांनी जंगलाची खालची पालवी खाऊन टाकली आणि शेवटी त्या हटवाव्या लागल्या. धनेशासाठी झालेल्या त्या कामाचा फायदा, तेव्हा कोणाला माहीतही नसलेल्या चिचुंद्रीला मिळाला असणार.

निकोबार श्रूचं वर्णन १९०२ मध्ये झालं. ती राहते त्या ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर असा मोठा प्रकल्प येतो आहे, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला तत्त्वतः मंजुरी मिळालेली आहे. सगळं जंगल एकदम तुटणार नाही, काही भाग हिरवाच राखू, असं सरकार सांगतं. समजा तो शब्द पाळला गेला. तरी वर पाहिल्याप्रमाणे चिचुंद्रीचा प्रश्न झाडांवर संपत नाही. बंदरात जगभरची जहाजं लागणार, आणि मालाबरोबर काय काय उतरतं हे ख्रिसमस बेटाने दाखवलेलं आहे. तुटणाऱ्या जंगलाच्या बदल्यात हरियाणात झाडं लावायचं ठरलं, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. निकोबारच्या पाचोळ्यात राहणाऱ्या प्राण्यासाठी तर त्या झाडांचा हिशेब जुळवताच येत नाही.

करण्यासारखं काय आहे, ते अवघड शास्त्र नाही. जहाजाच्या दोरखंडांवर उंदीर चढू नयेत म्हणून लावायच्या गोल तबकड्या. उतरणाऱ्या मालाची तपासणी. वस्तीतल्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी. आणि बुलडोझर जाण्याआधी त्या त्या जागी महिनोन् महिने पुरलेल्या बादल्या, ज्या कोणीतरी दर काही तासांनी, पावसातही, जाऊन बघेल. ग्रेट निकोबारला वर्षाचे बरेच महिने पाऊस असतो. अशा कामाला दोन-चार आठवड्यांचं सर्वेक्षण पुरत नाही.